कमानीखालचे गाळे
(रोजनिशीतील पाने)

२२ एप्रिल

मामाच्या दुकानाच्या इमारतीला महापालिकेची नोटीस आली. गिऱ्हाईक समोर असताना मामा कधी फोन करत नाही. आज केला, त्यावरूनच काय ते कळलं.

हुतात्मा चौकामागच्या गल्लीतली ही इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. खाली सहा गाळे, मधल्या मजल्यांवर वकिलांची चेंबर्स आणि सगळ्यात वर अजून तीन बिऱ्हाडं. हेरिटेज यादीत तिसऱ्या श्रेणीत नाव आहे. नोटिशीत वर्गवारी 'सी-२-बी' अशी आहे, म्हणजे इमारत रिकामी न करता संरचनेची दुरुस्ती करता येईल. 'सी-१' असती तर सगळ्यांना बाहेर काढून पाडकामच झालं असतं. एवढ्या एका अक्षर-आकड्यावर सहा दुकानांचं नशीब ठरतं.

मी फोर्टातच नोकरी करून निवृत्त झाले. या भागातल्या कमानींखालून आयुष्यभर चालले. आज नोटिशीची प्रत वाचताना एक गोष्ट मनाला लागली. तीत भिंती, तुळया, छज्जे, जिने सगळ्यांचा उल्लेख आहे. गाळ्यांत काय चालतं, याबद्दल एक ओळ नाही. पाऊस लागेपर्यंत जमेल तसं लिहून ठेवायचं ठरवलं आहे.

२४ एप्रिल

आज सकाळपासून मामाच्या दुकानात बसले. दुकान लॉ स्टेशनरीचं. आजोबा राजापूरहून आले, आधी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी केली आणि मग पागडी भरून हा गाळा घेतला. हायकोर्टाची इमारत १८७८ची, सिटी सिव्हिल कोर्ट बसतं ते जुनं सचिवालय त्याआधीचं. ही दोन्ही कोर्टं चालत काही मिनिटांवर, म्हणून हे दुकान इथे. दुसरीकडे नेलं तर ते फक्त कागदाचं दुकान होईल.

साडेदहाला कोर्ट बसतं. त्याआधीचा तासभर पाहण्यासारखा असतो. एक ज्युनियर वकील मुलगी धावत आली. याचिकेच्या प्रती तयार, पण एका प्रतीत अनुक्रमणिकेचं पान उलटं लागलेलं. मामाने काही न बोलता दोरा कापला, गठ्ठा टेबलावर दोनदा ठोकून कडा सारख्या केल्या, पान फिरवलं, दाभणाने जुन्याच भोकांतून दोरा ओवला, मागे बॅकशीट लावून गाठ मारली. "काका, पैसे दुपारी देते," म्हणत ती पळाली. मामाने वहीत लिहिलं. अशा उधारीच्या वह्या पोटमाळ्यावर वर्षांप्रमाणे लावलेल्या आहेत. आज नावाजलेले ज्येष्ठ वकील त्यांत ज्युनियर म्हणून सापडतात.

पूर्वी इथल्या हायकोर्टात हिरव्या लेजर कागदावर कामकाज चाले. मग साधा ए-फोर चालू लागला आणि मामाचा अर्धा माल एका झटक्यात जुना झाला. तरी दुकान टिकलं, कारण लोक कागदापेक्षा त्याच्या हातासाठी येतात. कोणत्या कोर्टाला समास किती लागतो, कुठल्या अर्जाला किती किमतीचा स्टॅम्प, रजिस्ट्रीची खिडकी कधी बंद होते, हे त्याला तोंडपाठ आहे.

शेजारी रबरी शिक्क्यांचं दुकान. पूर्वी ते खिळे जुळवून साचा काढत, आता संगणकावर करतात. पण देवनागरी खिळ्यांची खणाखणांची पेटी त्यांनी टाकलेली नाही. पलीकडे घड्याळदुरुस्ती, मग चष्मे, झेरॉक्स आणि टोकाला उडप्याचं हॉटेल. सहा गाळ्यांची सहा वेगळी कामं, आणि सगळी एकाच गिऱ्हाइकावर जगणारी: कोर्टात आलेला माणूस.

इमारतही या कामांना साजेशीच आहे. छत इतकं उंच की पोटमाळा घालूनही खाली माणूस ताठ उभा राहतो. वर झरोके आहेत, त्यामुळे कागदाच्या रिमांना हवा लागते. भिंत दोन-अडीच फूट जाड असल्याने मे महिन्यातही आत पंख्यावर भागतं.

२८ एप्रिल, रविवार

फोर्ट आज रिकामं. दादाभाई नौरोजी रस्त्याने सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत कमानींखालून सावकाश चालले. एरवी घाईत नुसती सावली लागते, आज कमानी दिसल्या.

१८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याचा तट पाडला गेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस लँकेशरच्या गिरण्यांना मिळेना, आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाने पैशाचा पूर आणला. तटाच्या जागी मोकळी जमीन, हातात पैसा. त्यातून आजचं फोर्ट उभं राहिलं. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल, १८७२मध्ये पुरं झालं. त्या वर्तुळातल्या 'रेड हाउस'मध्ये मुंबई समाचारचं कार्यालय आहे. फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२मध्ये सुरू केलेलं हे गुजराती वृत्तपत्र अजून निघतं.

हा रस्ता तेव्हाचा हॉर्नबी रोड. १८९६मध्ये सरकारने नियम केला की इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानदार पडवी ठेवावीच लागेल. वरचा मजला कसा असावा, ते ज्याचं त्याने ठरवावं. म्हणून वर पाहिलं तर गॉथिक, नवअभिजात, इंडो-सारासेनिक अशी नाना रूपं, आणि खाली मात्र सगळ्यांना जोडणारी एकच सावली. दुकानदार, पादचारी आणि मालक या तिघांचं भलं साधणारा इतका सरळ नियम मला दुसरा आठवत नाही. पावसात छत्री मिटून चालता येतं, चालणारा थांबतो, थांबला की काचेत पाहतो. दुकान त्याच्यावर चालतं.

नव्वदच्या दशकात या कमानी पाट्यांखाली गाडल्या गेल्या होत्या. प्रत्येकाची पाटी शेजाऱ्यापेक्षा मोठी. कोरीव दगडात खिळे ठोकलेले, वर एसीचे डबे. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने इथे पाट्यांचे नियम ठरले: पाटी कमानीच्या आत बसेल एवढीच. यात महत्त्वाची गोष्ट ही की दुकानदारांना विश्वासात घेऊन ते काम झालं. स्वतःची मोठी पाटी स्वतः उतरवायला एकेक दुकानदार तयार झाला, कारण शेजाऱ्याचीही उतरणार होती. या उपक्रमाला २००४मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. आज काही ठिकाणी पाट्या पुन्हा वाढू लागल्या आहेत. पण एकदा जमलेलं पुन्हा जमू शकतं.

१ मे

महाराष्ट्र दिन. दुकानं बंद. सकाळी हुतात्मा स्मारकाला फुलं वाहून आले. एका बाजूला १८६४चं कारंजं, त्यावर रोमन देवता फ्लोरा. शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं स्मारक. मामा तेव्हा शाळकरी पोर. आजोबांनी त्या दिवसांत दुकानाची फळी खाली ओढली आणि पळत आलेल्या अनोळखी पोरांना आत पोटमाळ्यावर बसवलं, हे त्याने मला अनेकदा सांगितलं आहे. कोरीव दगडाच्या इमारतीवर ही गोष्ट कुठेही लिहिलेली नाही. ती गाळ्यात आहे आणि मामाबरोबर आहे.

इथून थोड्याच अंतरावर १९०६ साली बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स सुरू झालं, लोकमान्यांच्या स्वदेशीच्या हाकेतून. विलायती मालाच्या बड्या दुकानांच्या शेजारी देशी मालाचं दुकान मांडणं हीसुद्धा चळवळच होती. फोर्टातल्या दुकानांकडे नुसता बाजार म्हणून पाहणं म्हणजे निम्मा इतिहास सोडून देणं आहे.

२ मे

मालकांकडे गेले होते. वयाने मामाच्या बरोबरीचे, शांत गृहस्थ. त्यांनी हिशेबाची फाइल पुढे केली. "बाई, मी दुष्ट नाही. एवढं फक्त पाहा."

पाहिलं. मामाचं भाडं महिना चारशे रुपये. सहाही गाळे, चेंबर्स आणि बिऱ्हाडं यांच्या भाड्याची बेरीज केली तरी वर्षाचे कर आणि पंपाची वीज वजा जाता हातात जवळपास काही उरत नाही. दगडी छज्जा दुरुस्त करायचा तर त्यांनी स्वतःच्या खिशातून करावा.

हे असं का झालं, ते कायद्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्ध, निर्वासित, जागेची टंचाई. त्या वेळी गरज खरीच होती. पण गोठलेलं भाडं पुढे दशकानुदशकं तसंच राहिलं. मालकाने दुरुस्ती सोडली, आणि भाडेकरू बदलताना पागडी घेऊन वसुली सुरू केली. १९६९मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं, कारण इमारती पडून माणसं मरू लागली होती. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवणं अवाजवी ठरवलं. मग १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला: वर्षाला चार टक्के वाढ, पागडीला मान्यता, आणि बँका व एक कोटी किंवा अधिक भांडवलाच्या कंपन्यांना संरक्षण नाही. त्यामुळे मोठे बाजारभावावर गेले, लहान जुन्या भाड्यावर राहिले. चारशेवर चार टक्के म्हणजे सोळा रुपये.

मामाच्या बाजूने पाहिलं तर याच कायद्याने त्याचं दुकान वाचवलं. बाजारभावाने भाडं मागितलं असतं तर लॉ स्टेशनरीवर ते एक महिनाही निघालं नसतं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर याच कायद्याने त्यांची इमारत खचली. ज्या भाड्याने धंदा जगला, त्याच भाड्याने भिंत मेली. मला दोघांपैकी कोणाला दोष देववत नाही.

५ मे, रविवार

मन मोकळं करायला धोबी तलावावर कयानीत गेले. १९०४पासूनची ही इराणी बेकरी जेर महालच्या तळमजल्यावर आहे, मेट्रो सिनेमासमोर. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांत खारी आणि नानखटाई. ब्रून मस्का सांगितला. पावाचं कवच दाताखाली कडकन मोडतं, आत मऊ. लोणी वितळायच्या आत चहात बुडवायचा. समोर एक आजोबा पेपर वाचत बसले होते, एका कपावर बराच वेळ. कोणी त्यांना उठा म्हटलं नाही. इराण्यांनी या शहराला दिलेली मोठी गोष्ट ही: एका चहाच्या पैशांत बसायची जागा.

कोपऱ्यावरची जागा अपशकुनी म्हणून इतर व्यापारी टाळत आणि इराणी घेत, असं सांगतात. ते खरं असो वा नसो, कोपऱ्याला दोन्ही रस्त्यांचा उजेड आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक मिळतं.

याच जेर महालच्या वरच्या मजल्यांवर गोवेकरांच्या कुडी आहेत. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपली सामायिक खोली केली, तिला कूड म्हणतात. जहाजावर जाणारा तारवटी बोट मिळेपर्यंत तिथे राहायचा. भिंतीलगत पेट्या रचलेल्या, खोलीत ऑल्तार म्हणजे वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचं, गावच्या संताचं फेस्त, म्हणजे सण, साजरं करायचं. पोर्तुगीज गोव्यातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या पोराला मुंबईत ओळखीचं छप्पर मिळायचं ते असं. खाली इराण्याचा पाव, वर गोंयकाराची पेटी, आणि दोघांनाही परवडेल असं भाडं. ही इमारत नुसत्या नकाशावरून कोणाला समजणार नाही.

९ मे

काळ्या घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शनसमोर थांबले. हे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. १८६०च्या दशकात याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातला पहिला खेळ याच हॉटेलात झाला. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांच्या खोल्या भाड्याने गेल्या. कोर्ट जवळ, म्हणून वकील आले. खाली छोटी दुकानं आणि उपाहारगृह. वर्षानुवर्षं आत विभाजनं झाली, पोटमाळे चढले, आणि दुरुस्ती कोणी करायची यावर एकमत झालं नाही. २००५मध्ये सज्ज्याचा भाग कोसळला. २०१९मध्ये सगळ्यांना बाहेर काढलं.

लोखंडाच्या गंजलेल्या खांबांकडे पाहत राहिले. जगाच्या वारसाप्रेमींनी ही इमारत धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातली होती, तेही २००६ सालीच. नाव होतं, कीर्ती होती, अभ्यासकांचे अहवाल होते. नव्हती ती एकच गोष्ट: आत राहणारे आणि मालकी असणारे यांच्यात दुरुस्तीच्या खर्चाचा ठरलेला वाटा. आमच्या गल्लीतल्या इमारतीला कीर्ती नाही. पण तो वाटा ठरवायला अजून वेळ आहे.

१४ मे

कोर्टाची उन्हाळी सुट्टी लागली. गल्लीत शुकशुकाट. मामा म्हणाला, "वर्षातून हाच एक महिना हातोडा चालवायचा." संध्याकाळी उडप्याच्या हॉटेलात सगळे जमले: सहाही दुकानदार, दोन वकील, वरच्या बिऱ्हाडांतल्या दोन बायका आणि मालकांचा मुलगा.

सुरुवातीला आवाज चढले. शिक्केवाल्यांचं म्हणणं, दुरुस्ती मालकाची जबाबदारी. वकिलांनी कायदा सांगितला: मालक दुरुस्ती करत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि भाड्यातून वळती करून घ्यावी, पण एका वर्षात भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त नाही. मामाने तिथल्या तिथे हिशेब केला. चारशे गुणिले बारा, चार हजार आठशे. त्याचा पाव हिस्सा बाराशे. बाराशे रुपयांत फोर्टात एक परात चुनासुद्धा वर चढत नाही.

मग घड्याळवाले बोलले. ते एरवी गप्प असतात. "माझं वय सत्तर. मुलगा दुकानात येणार नाही. तरी मी पैसे देतो. मला एवढंच लिहून द्या, की काम झाल्यावर माझी भाड्याची पावती बंद होणार नाही." सगळे थांबले. भीती पैशांची नव्हतीच. दुरुस्तीच्या नावाखाली बाहेर निघालो की परत आत येता येणार नाही, ही होती. आणि मालकांच्या मुलाची भीती वेगळी: पैसे घेतले तर उद्या हे मालकी सांगतील.

रात्री उशिरापर्यंत बसून करार ठरला. गाळ्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे प्रत्येकाचा वाटा, छप्पर आणि दर्शनी भाग मालकांकडे, तुळया आणि मलनिस्सारण सर्वांचं सामायिक. प्रत्येक भाडेकरूचा ताबा लेखी मान्य. भाडं आपसात ठरवून वाढवायचं, आणि वाढलेला भाग पाच वर्षं फक्त दुरुस्तीच्या खात्यात जायचा. मसुदा वकिलांनी फुकट करून दिला. मामाने त्याला दाभण-दोरा लावला.

२२ मे

काम सुरू. मिस्त्री जुने आहेत, चुन्याच्या कामातले. मामाच्या मागच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा त्यांनी पहिल्या दिवशीच उतरवला. आतला दगड भुसभुशीत झालेला, हात लावला की पिवळी भुकटी. त्यांनी समजावलं: जुनी भिंत चुन्याची. चुना ओल आत घेतो तसा बाहेरही सोडतो. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी गळती थांबवायला वरून सिमेंट फासलं. मग ओल बाहेर निघेना, आत क्षार साचले, आणि दगड आतून फुटू लागला. मलमपट्टीनेच जखम चिघळवली.

आता कळीचा चुना पिंपात विरवून ठेवला आहे. त्यात चाळलेली वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. मळून मळून लोण्यासारखं होईपर्यंत वापरायचं नाही. हातावर थापी मारून पाहतात: चिकटून राहिलं तर तयार. एक थर लावला की गोणपाट ओलं करून झाकायचं आणि वाट पाहायची. घाई केली की तडे.

सागवानी तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात, तिथे कुजली होती. वरच्या न्हाणीचं पाणी अनेक वर्षं त्याच कोपऱ्यात उतरत होतं. कुजका तुकडा कापून नवा सागवान सांधला, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळल्या. बाकीची तुळई ठणठणीत आहे. रंधा मारला तर आत शंभर वर्षांहून जुना सोनेरी सागवान निघाला. छज्ज्याच्या सांध्यात पिंपळ उगवलेला. तो नुसता तोडून चालत नाही, मुळासकट काढून भोक चुन्याने भरावं लागतं. फोर्टात वर मान करून पाहिलं तर असे पिंपळ किती तरी दिसतात.

दुपारी वरच्या बिऱ्हाडातल्या काकू सगळ्या कामगारांसाठी ताक घेऊन उतरल्या.

३० मे

आज जुन्या वाटेने फिरले आणि बंद झालेली दुकानं आठवत राहिले. सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरचं स्ट्रँड बुक स्टॉल. टी. एन. शानभाग यांनी १९४८मध्ये सुरू केलं, २०१८मध्ये बंद झालं. पगाराच्या दिवशी तिथे सवलतीत पुस्तक मिळायचं. माझ्या कपाटातली निम्मी इंग्रजी पुस्तकं तिथली. काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६मध्ये मिटलं. त्याच चौकातलं वेसाइड इन हे उपाहारगृह त्याआधीच गेलं. अरुण कोलटकर तिथल्या खिडकीशी बसत, आणि समोरचा चौक त्यांच्या इंग्रजी कवितांत उतरला; 'काळा घोडा पोएम्स' २००४मध्ये आलं. कवीला रोज बसायला परवडेल असं टेबल शहरात असावं लागतं.

या सगळ्यांच्या इमारती उभ्या आहेत. सगळीच दुकानं भाड्यापायी गेली असं मी म्हणणार नाही. पुस्तकं फोनवर मागवता येऊ लागली, गाणी हवेतून येऊ लागली. पण १९९५च्या मुंबईच्या हेरिटेज नियमावलीने दगडाला श्रेणी दिली, तेव्हा त्यातल्या कामाला नाव दिलं नाही. २०१८मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या ९४ इमारती जागतिक वारसा ठरल्या. त्यातही निकष वास्तुशैलीचा.

दुसरीकडे काय झालं, तेही वाचलं. बार्सिलोनात जुनी गोठलेली भाडी २०१४च्या अखेरीस एकदम मोकळी झाली आणि कित्येक जुनी दुकानं पाठोपाठ बंद पडली. उलट सॅन फ्रान्सिस्कोने २०१५मध्ये जुन्या धंद्यांची नोंदवही सुरू केली. साधारण तीस वर्षं चाललेला, त्या वस्तीच्या ओळखीचा भाग झालेला धंदा त्यात नोंदवता येतो, आणि अशा धंद्याला निदान दहा वर्षांचा भाडेकरार देणाऱ्या मालकाला शहर अनुदान देतं. मालकाला मोबदला, दुकानाला स्थैर्य. आमच्या हॉटेलातल्या बैठकीत जे हातघाईवर आलेल्या लोकांनी ठरवलं, ते तिथे शहराने ठरवलं आहे.

११ जून

पाऊस लागला. रात्रभर झोडपलं. सकाळी मी थेट गल्लीत गेले. मामाच्या मागच्या भिंतीला ओलावा आहे, पण गळती नाही. मिस्त्री म्हणाले, चुन्याला पुरतं घट्ट व्हायला अजून एक हिवाळा द्या. छपराचं निम्मं काम बाकी आहे. वर ताडपत्री आहे आणि ते काम दिवाळीनंतर. पैसेही संपत आले आहेत. चष्मेवाल्यांचा वाटा अजून आलेला नाही, झेरॉक्सवाला नव्या मशीनच्या हप्त्यात अडकला आहे. या गोष्टी लिहून ठेवते, कारण हे सगळं सोपं होतं असं कोणाला वाटू नये.

कोर्ट पुन्हा सुरू झालं आहे. नऊ वाजल्यापासून गिऱ्हाईक. मामाच्या पुढ्यात गठ्ठे.

दुपारी शांत झाल्यावर आम्ही दोघांनी हेरिटेज समितीला द्यायच्या अर्जाचा मसुदा पुरा केला. त्यात तीन मागण्या आहेत. यादीतल्या प्रत्येक इमारतीच्या नोंदीत तळमजल्यावरचे जुने धंदे, ते किती वर्षं चालू आहेत आणि त्या वस्तीला कशासाठी लागतात, हे लिहावं. अशा धंद्यांना दीर्घ मुदतीचा करार देऊन इमारत दुरुस्त करणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सूट मिळावी. पाडून नव्याने बांधणाऱ्याला जादा चटई क्षेत्र मिळतं, तर सांभाळणाऱ्याच्या पदरातही काही पडावं. आणि भाडेकरू-मालक मिळून दुरुस्ती करत असतील तर त्यांच्या करारासाठी एक साधा नमुना महापालिकेने द्यावा, म्हणजे प्रत्येक गल्लीला वकील शोधत बसावं लागणार नाही.

मामाने विचारलं, "अगं, ते ऐकतील?"

मी म्हटलं, "कमानींचा नियम १८९६मध्ये कोणीतरी ऐकलाच ना."

अर्जाला गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत, मालकांचीही. उद्या शेजारच्या दोन गल्ल्यांत जायचं आहे. तिथल्या प्रत्येक गाळ्याची नोंद आम्हीच आधी करणार: धंदा कोणता, कधीपासूनचा, भाडं कसं, भिंत कशी आहे, दुरुस्तीला वाटा द्यायची तयारी आहे का. ही वही भरली की कोणती इमारत कोणाच्या भरवशावर उभी आहे, ते समितीला वाचता येईल, आणि दुरुस्तीचा खर्च कोणाकोणात वाटायचा याची बोलणी इमारत खचायच्या आत सुरू करता येतील.